थेंबाचा आकार आणि इंजिनाचा ताप

ग्वाल्हेर, इंदूर किंवा हैदराबाद येथील जुन्या घरांतून वैशाखातल्या दुपारी दारांना वाळ्याचे पडदे सोडीत आणि त्यांवर पाण्याचा शिडकावा चालू ठेवीत. बाहेरची झळ त्या ओल्या पडद्यांतून आत येताना आपला दाह बाहेरच टाकून येई. तेच घागरभर पाणी कोणी फरशीवर एकदम ओतले असते, तर फरशी भिजली असती, परंतु खोलीला तसा गारवा आला नसता. पाणी तेच आणि त्याचे मापही तेच. फरक एवढाच की, वाळ्याच्या असंख्य काड्यांवर ते पातळ पसरलेले असे आणि वाऱ्याला त्याचा स्पर्श जागोजागी होई. मोटारीच्या इंजिनात पाण्याचे तुषार सोडून त्याचा ताप आवरण्याची जी विद्या गेल्या सव्वाशे वर्षांत घडत आली, तिचे मर्म ह्या घरगुती अनुभवात सामावलेले आहे.

इंजिनात पाणी, हे शब्द ऐकताच कोणाही मोटारवाल्याच्या कपाळाला आठी पडेल. रेडिएटरमधले पाणी सिलिंडरच्या बाहेरून फिरते, ते योग्यच. पण जिथे पेट्रोल जळते त्या सिलिंडरच्या आतच पाणी जाऊ देणे, हा उघड अविचार वाटतो. तथापि हा अविचार मोठमोठ्या अभियंत्यांनी विचारपूर्वक केलेला आहे. त्याचे कारण समजण्यासाठी इंजिनाच्या एका जुन्या व्याधीची ओळख करून घेतली पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, दट्ट्या ते दाबतो आणि मग ठिणगीने ते पेटते. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळते. परंतु दाबलेली हवा तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की, ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. त्या वेळी आतून हातोडीचे घाव पडल्यासारखा आवाज येतो. कारागीर म्हणतात, ‘इंजिन ठोकते आहे.’ हे ठोकणे वाढले तर दट्ट्या वितळतो, त्याला भोक पडते आणि इंजिन निकामी होते. म्हणजे इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या वाटेवर उष्णतेचा हा पहारेकरी उभा असतो.

ह्या पहारेकऱ्याला शांत करण्याचे सामर्थ्य पाण्यात आहे. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करावयाची तर आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही सारी उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतून ओढून घेते. पेट्रोलही उडून जाताना गारवा देते. परंतु वजनास वजन धरले तर पाण्याचा गारवा त्याच्या सहापट भरतो.

अडचण आहे ती वेळेची. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर दट्ट्याच्या एका फेरीला, म्हणजे मिश्रण आत ओढण्याच्या साऱ्या क्रियेला, सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. तेवढ्यात थेंबाने वाफ व्हावे तरी कसे? येथे गणित मदतीला येते. एक मिलिमीटर व्यासाचा एक थेंब फोडून त्याचे २० मायक्रॉन व्यासाचे कण केले, तर १,२५,००० कण होतात. पाणी तेवढेच राहते, पण हवेला लागणारे त्याचे अंग ५० पटींनी वाढते. शिवाय थेंब उडून जाण्यास लागणारा वेळ हा त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून व्यास ५० पटींनी कमी झाला की, तो वेळ २५०० पटींनी कमी होतो. मोठा थेंब हवेतून जसाच्या तसा निघून जाऊन भिंतीवर आपटतो. बारीक कण वाटेतच नाहीसा होतो. पाणी इंजिनाला तारील की त्रास देईल, हे त्याच्या मापाइतकेच थेंबाच्या आकारावर अवलंबून असते.

ह्या वाटेवर प्रथम निश्चयाने पाऊल टाकणाऱ्यांत हंगेरीतील दोनात बांकी यांचे नाव अग्रभागी येते. १८५९ मध्ये जन्मलेले बांकी बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात अभियंता होते. १८९३ मध्ये त्यांनी यानोश चोंका यांच्यासह पेट्रोलचे तुषार करणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. रस्त्याच्या कडेला एक फूलवाली तोंडातल्या पाण्याची फुंकर घालून फुले ताजी ठेवीत होती, तिला पाहून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका हंगेरीत सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातली फुंकर मात्र शास्त्रशुद्ध आहे: वेगाने जाणारी हवा संथ द्रवाला फाडते आणि त्याचे कण करते. पुढे बांकी यांनी हीच युक्ती पाण्याला लावली. आत ओढल्या जाणाऱ्या मिश्रणात त्यांनी पाण्याचे तुषार मिसळले आणि त्या काळच्या इंजिनांना न झेपणारा दाब आपल्या इंजिनास देऊन दाखविला. विसावे शतक उजाडण्यापूर्वीच हे घडले होते.

नंतर केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी ह्याच पाण्याकडून अगदी उलट काम करून घेतले. १९१३ मध्ये त्यांनी इंग्लंडातील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे गॅस इंजिने थंड ठेवण्याची नवी पद्धत मांडली. त्या काळची गॅस इंजिने अवाढव्य असत आणि त्यांचे दट्टे व सिलिंडरची डोकी तापून तडकत. हॉपकिन्सन यांनी पाणी थेट सिलिंडरच्या पोटात सोडले. परंतु त्यांना हवा थंड करावयाची नव्हती, धातू थंड करावयाचा होता. म्हणून त्यांनी पाण्याचे कण मुद्दाम जाड ठेवले. असे जाड कण वाटेत उडून न जाता तापलेल्या धातूवर जाऊन पडत आणि तेथे त्यांची वाफ होई. बांकी यांचा बारीक कण आणि हॉपकिन्सन यांचा जाड थेंब ही एकाच तत्त्वाची दोन टोके होत. उष्णता कोठून काढून घ्यावयाची हे थेंबाचा आकार ठरवितो, हा धडा दोघांच्या प्रयोगांनी मिळून दिला. हॉपकिन्सन यांना पुढचे काम करण्यास आयुष्य लाभले नाही. पहिल्या महायुद्धात ते विमानविद्येच्या संशोधनात गुंतले, स्वतः विमान चालविण्यास शिकले आणि ऑगस्ट १९१८ मध्ये विमान अपघातातच ४४ व्या वर्षी मृत्यू पावले. त्यांचे शिष्य हॅरी रिकार्डो यांनी इंजिनाच्या ठोकण्याचा अभ्यास आयुष्यभर चालविला आणि पाण्याच्या तुषारांनी ते किती आवरते, हेही प्रयोगांनी दाखविले.

असे असता पाण्याची ही विद्या घरोघरच्या मोटारींत का आली नाही, असा प्रश्न सहजच उभा राहतो. त्याचे एक उत्तर ९ डिसेंबर १९२१ ह्या दिवसात आहे. त्या दिवशी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी इंजिन ठोकणे थांबते. पाण्यासाठी वेगळी टाकी, वेगळी नळी आणि वेगळी तोटी हवी. टाकी भरण्याची आठवण हवी. शिसे मात्र पेट्रोलबरोबरच विकत मिळे, चालकाला काही करावेच लागत नसे. सोयीने विजय मिळविला. त्या सोयीची किंमत धुरावाटे शहरांच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात साठत गेली. भारतात शिसेयुक्त मोटार-पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातील शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात थांबला. निरुपद्रवी पाण्याला बाजूस सारून विषारी शिसे का स्वीकारले गेले, याची कारणे अनेक असतील; पण चालकाच्या आळसाला त्याने घातलेली सवय हे त्यांतील लहानसहान कारण खासच नव्हे.

जेथे आळस परवडत नाही, तेथे पाणी टिकून राहिले. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने हे त्याचे ठळक उदाहरण होय. विमानाच्या इंजिनात सुपरचार्जर नावाचा पंखा हवा कोंबून भरतो. त्यामुळे शक्ती वाढते आणि ठोकण्याचा धोकाही वाढतो. जर्मनांनी १९४४ च्या सुमारास मेसरश्मिट १०९ ह्या विमानांत ‘एमडब्ल्यू ५०’ नावाचे मिश्रण आणले. त्यात निम्मे मिथेनॉल, जवळजवळ निम्मे पाणी आणि गंज न चढावा म्हणून किंचित तेल असे. त्याच्या बळावर डाइमलर-बेंझ इंजिनाची उड्डाणाच्या वेळची शक्ती १४७५ वरून १८०० अश्वशक्तीपर्यंत चढे. पण एका वेळी १० मिनिटांपेक्षा अधिक काळ ती वापरण्याची मुभा नसे. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कारखान्याच्या १८ सिलिंडरच्या इंजिनालाही हीच जोड मिळाली आणि थंडरबोल्ट, हेलकॅट व कोर्सेअर ही विमाने आणीबाणीच्या क्षणी तिचा आधार घेऊ लागली. काही विमानांत शक्तीचा दांडा शेवटच्या टोकास नेण्यासाठी वैमानिकाला एक बारीक तार तोडावी लागे. विमान परत आले की, तुटलेल्या तारेवरून कारागिराला कळे की, आज ह्या इंजिनाकडून त्याच्या सर्वस्वाची मागणी झाली होती.

ह्या विमानांत बारीक कण करण्याचे बरेचसे काम सुपरचार्जरच करून टाकी. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या त्याच्या चक्राच्या मुखाशी मिश्रण सोडले की, चक्राच्या पात्यांखाली त्याचा चुरा होई. मिथेनॉलचाही त्यात वाटा होता. एकतर त्यामुळे उंचावरील थंडीत पाणी गोठत नसे. दुसरे असे की, पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन असतो आणि हा ताणच थेंबाला फुटू देत नाही. मिथेनॉलचा ताण अवघा २२-२३ डाइन. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले की, मिश्रणाचा ताण पाण्याच्या निम्म्यावर येतो आणि तेवढ्याच जोराने अधिक बारीक कण मिळतात. मात्र मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्यामुळे त्याची हाताळणी जोखमीची असते.

युद्ध संपल्यावर ही विद्या प्रवासी विमानांत गेली आणि तिच्याद्वारे भारतातही पोहोचली. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये व्हायकाउंट विमाने आणली. नंतर फोकर फ्रेंडशिप आणि कानपूरला बांधलेली एव्हरो विमाने आली. ह्या तिन्ही विमानांना रोल्स-रॉइसचे डार्ट इंजिन असे. उन्हाळ्यात हवा विरळ झाली की, अशा इंजिनाची शक्ती घटते. उड्डाणाच्या वेळी ती भरून काढण्यासाठी डार्टच्या हवा दाबणाऱ्या चक्रात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण सोडण्याची सोय होती.

मोटारीच्या इतिहासात मात्र पाण्याची गाठ माणसाच्या विसराळूपणाशी पडली. अमेरिकेतील ओल्ड्समोबिल कंपनीने १९६२ साली ‘जेटफायर’ नावाची मोटार बाजारात आणली. धुराच्या वेगाने फिरणारा टर्बोचार्जर बसविलेल्या पहिल्या विक्रीच्या मोटारींपैकी ती एक. साडेतीन लिटरच्या तिच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती निघत असे. त्यासाठी दाबाचे प्रमाण सव्वादहास एक इतके चढे ठेवले होते आणि ठोकणे टाळण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण सोडले जाई. त्याला ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असे दिमाखदार नाव होते. टाकी रिकामी झाली तर इंजिन बिघडू नये म्हणून टर्बोचार्जरचा जोर आपोआप रोखणारी झडपही ठेवली होती. योजना निर्दोष होती. फक्त टाकी भरणे चालकावर सोपविले होते. बऱ्याच चालकांनी ती भरलीच नाही. मोटारीत पूर्वीचा जोम राहिला नाही, अशा तक्रारी आल्या. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली आणि पुढे विकलेल्या कित्येक गाड्यांमधून टर्बोचार्जर काढून साधे कार्ब्युरेटर बसवून देण्यात आले.

त्यानंतर १९७३ च्या तेलटंचाईने पेट्रोल महागले आणि परदेशांतील हौशी मोटारवाल्यांनी पाण्याचे तुषार पुन्हा हाती घेतले. अनेकांनी समोरची काच धुण्याचा लहानसा पंप आणि एक साधी तोटी एवढ्यावर काम भागविले. विमानातील सुपरचार्जरचे चक्र येथे नव्हते. म्हणून कण बारीक करण्याचा सारा भार त्या तोटीवर येऊन पडला आणि तिला तो पेलवेना. जाड थेंब हवेबरोबर वळत नाहीत. नळी जेथे वाकते तेथे ते सरळ जाऊन भिंतीला चिकटतात, त्यांचा ओघळ होतो आणि तो ज्या सिलिंडरकडे उतार असेल तिकडे धावतो. एक सिलिंडर न्हाऊन निघतो आणि शेजारचा कोरडाच ठोकत राहतो. टर्बोचार्जरच्या आधी पाणी सोडावे, तर जाड थेंब त्याच्या वेगवान चक्राची पाती झिजवितात.

ह्या अपयशांतून तोटीचे शास्त्र लोकांस नव्याने शिकावे लागले. चांगल्या तोटीत पाणी सरळ बाहेर पडत नाही. आत तिरप्या खाचा असतात. त्यांतून जाताना पाणी भोवऱ्यासारखे फिरते, बारीक छिद्रातून पोकळ शंकूच्या आकाराच्या पातळ पडद्यासारखे पसरते आणि तो पडदा फाटून त्याचे कण होतात. द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या शेतकऱ्याच्या पंपालाही अशीच तोटी असते. पाण्याची धार स्वभावतःच अस्थिर असून ती फुटून थेंबच होणार, हे लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात गणिताने दाखविले होते; तोटीने त्या स्वभावाला फक्त घाई करावयाची असते.

ही घाई दाबाने होते आणि येथेच एक फसवा नियम आड येतो. तोटीतून दुप्पट पाणी हवे असेल तर दाब दुप्पट करून चालत नाही, चौपट करावा लागतो. उलट, इंजिनाची गरज निम्मी झाली म्हणून पंप मंद करून पाणी निम्मे केले, तर दाब चतुर्थांशावर येतो आणि फवाऱ्याची गळती होते. शिवाय टर्बोचार्जरने भरलेली हवा तोटीला उलट रेटीत असते, तो दाबही वजा करावा लागतो. म्हणून चांगल्या योजनेत दाब कायम ठेवतात, आणि पाण्याचे माप तोटीजवळची झडप सेकंदाला अनेकदा उघडून मिटून ठरवितात. तीच झडप दुसरे कामही करते. इंजिन मंद चालू असताना आतील पोकळी पाणी शोषून घेऊ पाहते. झडप नसेल तर नळीतले उरलेले पाणी सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दबत नाही, आणि पुढच्या फेरीला दट्ट्याचा दांडा वाकतो. छिद्र केसाएवढे असल्यामुळे विहिरीचे क्षारयुक्त पाणीही चालत नाही. गाळणी आणि ऊर्ध्वपातित पाणी ह्या दोन गोष्टी चैनीच्या नसून गरजेच्या आहेत.

हे सारे धडे एकत्र आलेले दिसले ते २०१५ च्या अखेरीस जाहीर झालेल्या बीएमडब्ल्यू ‘एम ४ जीटीएस’ ह्या मर्यादित संख्येच्या मोटारीत. बॉश कंपनीच्या साहाय्याने केलेल्या ह्या योजनेत पाण्याची ५ लिटरची टाकी सामानाच्या कप्प्यात असून हवेच्या कोठीत तीन तोट्या सुमारे १० बार दाबाने अत्यंत बारीक तुषार सोडीत. त्याच जातीच्या साध्या मोटारीची शक्ती ४३१ अश्वशक्ती होती, हिची ५०० झाली. इंजिन बंद होताच नळ्यांतील पाणी टाकीत परत जाई, म्हणजे थंडीत नळ्या फुटू नयेत. टाकी रिकामी झाली, तर संगणक टर्बोचार्जरचा जोर आपोआप कमी करी. जेटफायरच्या झडपेने १९६२ मध्ये जे केले, तेच काम येथे अधिक शहाणपणाने झाले. ऐन जोराच्या वेळी इंजिन थंड ठेवण्यासाठी एरवी जे जास्तीचे पेट्रोल जाळावे लागते, ते वाचविणे हाही अशा योजनेचा एक हेतू असतो.

बांकी यांच्या बुडापेस्टपासून येथवरचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे. ह्या काळात पाण्याचा गुण बदलला नाही. एका ग्रॅमला ५४० कॅलरी हा त्याचा हिशेब तेव्हाही होता, आजही आहे. बदलली ती त्याला फोडण्याची कला आणि त्याची आठवण ठेवण्याची व्यवस्था. जेथे कण बारीक राहिला आणि टाकी भरलेली राहिली, तेथे पाण्याने इंजिनाला तारले. जेथे ह्यांपैकी एकाचीही हेळसांड झाली, तेथे दोष पाण्याच्या माथी आला. वाळ्याच्या पडद्याचेही तसेच होते. पडदा दाट विणलेला हवा, आणि घरातल्या कोणीतरी भर दुपारची झोप मोडून त्यावर वेळच्या वेळी पाणी शिंपडावयास हवे.